सायरसशेठचा इराणचा पेपर

दिवाळी अंकासाठी निवृत्त माणसांनी आपल्या कामाबद्दल लिहावं, अशी संपादकांची कल्पना होती. त्यांनी फोनवर विचारलं, "बाई, तुम्ही कॉलेजात काय शिकवायच्या?"

"प्राचीन इराण," मी म्हटलं.

पलीकडे थोडा वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग त्यांनी विचारलं, "धुळ्यात?"

"हो, धुळ्यातच."

ही मधली शांतता माझ्या चांगल्या ओळखीची आहे. एस.टी.त शेजारी बसलेल्या बाईपासून लग्नात भेटलेल्या दूरच्या आत्यापर्यंत, ज्यांनी ज्यांनी माझ्या कामाची चौकशी केली, ते सगळे या ठिकाणी थांबले. कुणी वाईट बोललं नाही. माणसं चांगलीच होती. स्टाफरूममध्ये डबे उघडले की मला भरीत मिळायचं, ठेचा मिळायचा, पण आदल्या दिवशी मला इराणच्या एका राजाच्या नावाचा उलगडा झाला होता, हे सांगायला कुणी मिळायचं नाही. सांगायला गेलं तर समोरचा घास हातात धरून ऐकायचा आणि म्हणायचा, "अच्छा! मग याचं पुढे काय करतात?"

पुढे काही करत नाहीत, हे उत्तर देताना फार एकटं वाटतं.

मी भडगावची. वडील जिनिंगमध्ये कामाला होते. घरी यायचे तेव्हा त्यांच्या भुवयांवर कापसाची लव असायची. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजचं दार पाहिलेलं नव्हतं. मी शिकले ती आईवडिलांच्या भरवशावर आणि एम. ए.ला भेटलेल्या एका सरांच्या कृपेने. सर निवृत्त होताना त्यांनी आपली जुनी इराणी व्याकरणाची पुस्तकं मला दिली आणि म्हणाले, "माझ्यामागे ही कुणी उघडणार नाही. तू निदान धूळ तरी झटकशील." मी धूळ झटकता झटकता उघडली. खिळ्यांची टोकं ओल्या मातीत दाबावीत तशी ती लिपी. स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभी राहून, भाताला उकळी येईपर्यंत, मी ती अक्षरं गिरवायची.

आई माझ्याजवळच राहायची, धुळ्यात, देवपुरातल्या दोन खोल्यांत. मी ताट बाजूला सारून पुस्तकात डोकं घातलं की ती म्हणायची, "काय वं माय, तुना त्या राजा बठ्ठा मरी ग्यात ना? मंग इतली घाई कसानी शे? जेवी ले पहिले." राजे तर सगळे मेलेत, मग घाई कसली, असा तिचा हिशेब.

आता माझं काम काय होतं, ते सांगते.

एम. ए.च्या मुलांना एक ऐच्छिक पेपर असे. त्यात इराणच्या जुन्या साम्राज्याचा इतिहास होता. या इतिहासातली पहिली अडचण म्हणजे राजांना आपण ज्या नावांनी ओळखतो, ती त्यांची नावंच नव्हेत. ज्याला आपण सायरस म्हणतो, त्याने स्वतःचं नाव 'कूरुश' असं सांगितलं असतं. ग्रीकांशी त्याच्या माणसांच्या लढाया झाल्या, व्यवहार झाले. ग्रीकांच्या तोंडात 'श' बसत नव्हता आणि पुरुषाचं नाव त्यांच्या पद्धतीने संपल्याशिवाय त्यांना ते वाक्यात वापरता येत नव्हतं. म्हणून तो 'कूरोस' झाला. रोमन लोकांनी तो ग्रीकांकडून घेतला आणि शेवट आपल्या वळणाचा करून 'कूरुस' केला. त्याचं पहिलं अक्षर त्यांनी लिहिलं, ते पुढे इंग्रजांच्या हाती लागलं, आणि इंग्रजांनी आपल्या सवयीप्रमाणे त्याचा 'स' वाचला. झाला सायरस! मग इंग्रजांच्या शाळेतून तो आपल्याकडे आला. इराणी राजा आपल्याला ओळखायला मिळाला तो तीन परक्या घरांत राहून आल्यावर.

दुसरा मोठा राजा आपण डरायस म्हणून वाचतो. त्याचं नाव 'दारयवउश'. हे नाव मी फळ्यावर लिहायची आणि त्याच्याखाली संस्कृतात 'धारयत्' आणि 'वसु' लिहायची. चांगलं ते धरून ठेवणारा, असा त्याचा अर्थ. ते पाहिल्यावर वर्गात एखादा चेहरा उजळायचा. तेवढ्यावर माझा दिवस जायचा.

एक नियम मी पहिल्यापासून पाळला. कुठलाही विषय सुरू करताना पुस्तक बंद ठेवायचं आणि विचारायचं, "तुमच्या घरी याबद्दल काय सांगतात?" इराणबद्दल कुणाच्या घरी काय सांगणार? पण नावांबद्दल प्रत्येकाच्या घरी काहीतरी असतंच. शिरपूरच्या वरच्या अंगाला, सातपुड्याच्या पाड्यावरून आलेला एक विद्यार्थी एकदा उठून म्हणाला, "मॅडम, आमच्यात बुधवारी जन्मला तर बुध्या. गावातल्या गुरुजींनी माझं बुधाजी केलं. आश्रमशाळेत भूषण केलं. घरी गेलो की परत बुध्या." सगळे हसले, तोही हसला. मी म्हटलं, "तुझ्या गुरुजींनी जे केलं, तेच ग्रीकांनी केलं. त्यांना काही वाईट करायचं नव्हतं. आपल्या घरात बसेल असं करून घेतलं, एवढंच." त्या दिवशी तो पेपर त्या वर्गाला जेवढा कळला, तेवढा माझ्या नोट्समधून कधीच कळला नसता.

अधूनमधून बाहेरची माणसंही यायची. नावांची बाई आहे, अशी माझी कुठूनतरी ख्याती झाली होती. चोपड्याचे एक केळीवाले आबा नातवासाठी नाव मागायला आले. "राजाचं पाहिजे, आणि तालुक्यात दुसऱ्या कुणाचं नको," म्हणाले. मी मोठ्या हौसेने दारयवउश सुचवलं, अर्थही सांगितला. आबांनी ते दोनदा तोंडात घोळवलं. मग म्हणाले, "बाई, नाव भारी शे. पण मी हाक पुरी करेपर्यंत पोरगं बांधापलीकडे पोचेल." पुढे त्यांनी नातवाचं नाव आर्यन ठेवलं, आणि त्या वर्षी तालुक्यात आर्यनच आर्यन जन्माला आले.

पेपर असा चालला होता, ओढत ओढत. मुलं कमी होत गेली. मुलांना स्पर्धा परीक्षेला उपयोगी पडणारा पेपर हवा असे, आणि त्यांचं चुकत होतं असं मी म्हणणार नाही. मी स्वतः नोकरीसाठीच शिकले होते. शेवटी एका एप्रिलमध्ये प्राचार्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. माणूस सज्जन. आधी चहा मागवला, तेव्हाच मला बातमी वाईट आहे हे समजलं.

"बाई, महाराष्ट्राच्या इतिहासाला पोरं मिळेनात, तिथं इराण कुठून चालवू? ठरलेली संख्या भरली नाही तर पेपर बंद. जूनमध्ये बघू. एक जरी कमी पडला तरी माझा नाइलाज आहे."

मे महिन्यात आई गेली.

धुळ्याचा मे. भर दुपार. भाऊ सुरतला, त्याला यायला संध्याकाळ होणार होती. शेजारचे म्हणाले, बर्फ आणावा लागेल. पांझरा नदीच्या पलीकडे एक जुना बर्फाचा कारखाना होता. शेजाऱ्यांनी तिथे फोन केला. थोड्या वेळाने दाराशी टेम्पो थांबला. त्यातून दोन कामगार उतरले, आणि त्यांच्यामागून काळी मखमली टोपी घातलेला एक उंच, वाकलेला म्हातारा उतरला. गोणपाटात गुंडाळलेल्या लाद्या आत नेताना तो कामगारांना खालच्या आवाजात सांगत होता, "हळूच रे. भूसा झटक पहिले, घरमा पडाले नको. अन् डोकाजोडे मोठी लादी ठेव." एवढी अस्सल अहिराणी बोलणारा पारशी मी पहिल्यांदाच पाहत होते. सगळं लावून झाल्यावर त्याने टोपी काढली, आईच्या पायाशी उभा राहिला, ओठ हलवत काहीतरी म्हटलं, आणि निघून गेला.

महिनाभराने मी आभार मानायला कारखान्यात गेले. आत अमोनियाचा वास होता, मिठाच्या पाण्याच्या हौदात पत्र्याचे उभे डबे बुडवलेले होते आणि कॉम्प्रेसरचा आवाज असा की दोन माणसांना ओरडूनच बोलावं लागे. भिंतीवर पाटी होती. 'अर्देशिर अँड सन'.

"अर्देशिर म्हणजे तुमचे वडील?" मी विचारलं.

"वडील. मी सन. सायरस." तो हसला. "कामगार सिरसशेठ म्हणतात. मी पण आता तसाच लिहायला लागेन थोड्या दिवसांनी."

मला राहवलं नाही. महिनाभर मी कुणाशी धड बोलले नव्हते. घरी गेल्यावर जेवी ले म्हणणारं कुणी उरलं नव्हतं. मी तिथेच, त्या आवाजात, ओरडून सांगायला लागले. "शेठजी, तुमच्या पाटीवर केवढी मोठी गोष्ट आहे, ठाऊक आहे का तुम्हाला? अर्देशिर हे इराणच्या जुन्या राजांचंच नाव आहे. ते इराणमध्येच राहिलं. बापाकडून मुलाकडे, घरातल्या घरात झिजत झिजत 'अर्तखशस्स'चं अर्देशिर झालं. तेच नाव ग्रीकांकडे गेलं, तिथं त्याचं अर्तक्सेर्क्सेस झालं, नि इंग्रजीत ते तसंच गेलं. आणि सायरस हे नाव घरात राहिलंच नाही. इराणी लोक तो राजाच विसरले. त्याला ग्रीकांनी सांभाळलं, यहुद्यांनी आपल्या धर्मग्रंथात सांभाळलं. तो तुमच्याकडे परत आला तो इंग्रजांच्या हातून. म्हणजे वडील घरच्या वाटेने आले आणि मुलगा परदेशातून फिरून!"

 मग त्याने हात वर करून कामगाराला मशीन बंद करायला सांगितलं. एकदम शांत झालं.

"परत सांगा," तो म्हणाला.

माझ्या सगळ्या नोकरीत मला कुणी 'परत सांगा' म्हटलेलं नव्हतं. मी परत सांगितलं.

तो बराच वेळ पाटीकडे बघत होता. "माझं नाव ठेवलं तेव्हा बपईजी रुसलेल्या, म्हणून ऐकलंय," तो म्हणाला. बपईजी म्हणजे त्याच्या वडिलांची आई. "त्या म्हणायच्या, हे साहेबाचं नाव आहे, आपल्यात असा कुणी झालाच नाही. मरेपर्यंत मला दाराच म्हणायच्या. हे दारा कुठलं, प्रोफेसरबाई?"

"दारयवउश. घरच्या वाटेने आलेला."

"बघा!" म्हातारा मांडीवर थाप मारून हसला. "म्हणजे मला दोन्हीकडून ओढलं."

धुळ्यात तो एकटाच पारशी उरला होता. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी पुण्याला. ती बोलवायची, हा जायचा नाही. "तिथं जाऊन कुणाशी बोलू? इथं निदान मशीन ओरडते," म्हणायचा.

पेपरची हकीकत मी त्याला बोलता बोलता सांगितली. काही मागायला सांगितली नव्हती. पण जूनमध्ये प्रवेश सुरू झाले, एक विद्यार्थी कमी पडत होता, आणि कॉलेजच्या ऑफिसातले वसंतभाऊ धावतच स्टाफरूममध्ये आले. "मॅडम, खिडकीवर एक म्हातारबाबा आलेत. एम. ए.ला प्रवेश मागतात. बी. कॉम.चं सर्टिफिकेट इतकं जुनं आहे की हात लावायची भीती वाटते. मी म्हटलं, बाबा, नातवाला घेऊन या. तर म्हणतात, नातू नाही, मीच तो!"

असे सायरसशेठ माझे विद्यार्थी झाले.

ते वर्ष माझ्या नोकरीतलं सगळ्यात चांगलं वर्ष. शेठ रोज वेळेवर यायचे, पहिल्या बाकावर बसायचे. येताना गोणपाटात बर्फाचा तुकडा आणायचे आणि वर्गाबाहेरच्या माठात सोडायचे. दुसऱ्या वर्गांतली पोरं पाणी प्यायला आमच्याकडे यायची. पोरं त्यांची थट्टा करायची. "शेठ, तुम्ही कशाला वाचता? तुमच्या खानदानातलंच आहे ना!" शेठ म्हणायचे, "अरे बावा, खानदानाची परीक्षा कठीण असते. सासऱ्याचं नाव चुकलं तर चालतं, आज्ज्याचं नाही."

आणि मी विचारायची, "तुमच्या घरी काय सांगतात?" आता त्या प्रश्नाला खरोखरच उत्तर मिळायचं. सिकंदराचं नाव निघालं की बपईजी बोटं मोडायच्या, असं शेठ सांगत. आमच्या शाळेत जो जगज्जेता, तो त्यांच्या घरात गावं जाळणारा, पोथ्या जाळणारा. त्यांच्या घरी राजांची ओळ वेगळी होती, तिच्यात सायरस नव्हताच. मग मी पुस्तक उघडायची आणि ग्रीकांची ओळ सांगायची. दोन्ही ओळी फळ्यावर शेजारी शेजारी. वर्गात ऐकणारे मोजकेच, पण माझं बोलणं कुणापर्यंत तरी पोचतंय, हे मला खडू धरलेल्या हातात जाणवायचं.

परीक्षा झाली. उत्तरपत्रिका तपासायला आम्हाला जळगावला विद्यापीठात जावं लागे. मोठ्या हॉलमध्ये लांब टेबलं, पंखे, आणि समोर गठ्ठे. वर नावं नसतात, नंबरही झाकलेले असतात. आपल्या कॉलेजचा पेपर आपल्याकडे येऊ नये असा संकेत, पण हा पेपर साऱ्या विद्यापीठात आमच्याच कॉलेजात उरला होता, त्यामुळे गठ्ठा माझ्याकडेच येई. एक उत्तरपत्रिका मी उघडली. बाकी सगळ्या मराठीतल्या, ही इंग्रजीत. फौंटन पेन, निळी-काळी शाई, जुन्या वळणाचं रेखीव अक्षर. प्रश्न होता, सायरसच्या कार्याचं मूल्यमापन करा. पहिलं वाक्य असं होतं की, आमच्या घरात या राजाचं नाव कुणाला ठाऊक नव्हतं. पुढचं पान सगळं बपईजींचं.

मी अर्ध्या पानावर थांबले. विद्यापीठात तो पेपर समजू शकेल असं माणूस मीच एकटी होते, आणि नेमका तो मलाच तपासता येणार नव्हता. मी उठून विषयप्रमुखांना म्हटलं, "सर, ही माझ्या ओळखीची आहे. दुसऱ्यांना द्या."

ती समोरच्या टेबलाशी बसलेल्या एका प्राध्यापकांकडे गेली. प्रामाणिक माणूस, आधुनिक भारत शिकवणारा. शेजारी नमुना उत्तर ठेवून काम करत होता. थोड्या वेळाने त्याने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, हे एक पाहा. सायरसबद्दल विचारलंय आणि यानं आजीबद्दल लिहिलंय. चार ओळी सायरसच्या, बाकी सगळी आजी. काय करायचं याचं?"

मला सांगता आलं असतं. की ही चूक नाही, ही दुसरी बाजू आहे. मी वर्षभर आधी घरचं विचारत आले, म्हणून त्याने आधी घरचं लिहिलं. मी म्हटलं, "तुम्हाला योग्य वाटेल ते करा."

त्यांना योग्य वाटलं ते त्यांनी केलं, आणि त्यांच्या जागी दुसरं कुणीही असतं तर तेच झालं असतं.

निकाल सांगायला मी कारखान्यात गेले. शेठ आधी ऑफिसात जाऊन बघून आले होते. बाकीची सगळी पोरं पास होती. ते कामगारांना हातवारे करून सांगत होते, "पूर्ण धुळामा एकच पारशी, अन् इराणना पेपरमा तोच नापास!" कामगारांना हसावं की नाही ते कळत नव्हतं. मला बघितल्यावर शेठ म्हणाले, "प्रोफेसरबाई, बपईजी बरोबर होत्या. हा राजा आपल्यातला नाहीच. आपल्यातला असता तर सांभाळून घेतलं असतं."

त्या जूनमध्ये पेपर बंद झाला. शेठच्या नापास होण्याने नाही. संख्याच भरली नाही, आणि पुन्हा प्रवेश घेऊन संख्या भरायला शेठना नियम आड आला. प्राचार्यांनी परत चहा मागवला. जाता जाता विद्यापीठाचा एक नियम मात्र त्यांनी सांगितला. पेपर बंद झाला तरी त्यात कुणी मागे राहिला असेल, तर त्याच्यासाठी विद्यापीठाला परीक्षा घ्यावी लागते. तो पास होईपर्यंत, किंवा त्याच्या संधी संपेपर्यंत, पेपर कागदावर जिवंत राहतो.

म्हणजे माझा इराण आता सायरसशेठच्या नापास होण्यावर उभा होता.

हे मी शेठना सांगितलं नाही. एवढंच म्हटलं, "परत बसा. मी शिकवते."

कॉलेजात वर्ग नव्हता. वसंतभाऊंनी वेळापत्रक लावलं, त्यात माझ्यापुढे सगळीकडे आधुनिक भारत लिहिलेलं होतं. मी शनिवारी दुपारी कारखान्यात जाऊ लागले. शेठ मशीन बंद करायला सांगत. हौदाच्या कडेला दोन खुर्च्या, मध्ये भुशाचं पोतं, त्याच्यावर वही. उन्हाळ्यातसुद्धा तिथे पाय गार पडायचे. तिथे बसून मी त्यांना जे शिकवलं, ते आधीच्या वर्षी शिकवलेल्याच्या उलटं होतं. घरचं आधी लिहायचं नाही. घरचं लिहायचंच नाही. प्रश्नात सायरस असेल तर सायरसच लिहायचा, कूरुश लिहिलात तर कंसात सायरस लिहा, तपासणाऱ्याला तेच ठाऊक असतं. आधी पार्श्वभूमी, मग मोहिमा, मग राज्यकारभार, शेवटी मूल्यमापन.

शेठ मान हलवत. "म्हणजे राजा इराणी, पण सांगायचा ग्रीकांच्या तोंडानं."

"परीक्षेपुरतं."

"परीक्षेपुरतं," ते म्हणत आणि लिहून घेत.

कधीकधी मध्येच त्यांच्या तोंडून घरचं काहीतरी निघे. बपईजी या राजाला असं म्हणायच्या, त्या लढाईबद्दल तसं म्हणायच्या. मला ऐकायची इतकी इच्छा असायची! तरी मी म्हणायची, "शेठजी, वेळ जातो. मोहिमांचा क्रम सांगा." ते लहान मुलासारखे निमूटपणे क्रम सांगत. क्रम हळूहळू पाठ होत गेला. त्यांना तो नीट यायला लागला, तसं शनिवारी घरी परतताना पांझरेच्या पुलावर माझं पाऊल जड व्हायला लागलं. शिक्षकाला आपला विद्यार्थी तयार होताना पाहून आनंद होतो, असं सगळे लिहितात. मलाही व्हायचा. पण पुलाच्या मध्यावर पोचेपर्यंतच.

मनात आलं नाही असं नाही. थोडं ढिलं सोडलं असतं, घरचं बोलू दिलं असतं, तर त्यांनी परत आजीच लिहिली असती. पुढच्या वर्षीचे शनिवार मला मिळाले असते. पण वडील भुवयांवर कापूस घेऊन घरी यायचे ते मी कुणाला नापास ठेवावं म्हणून नाही. मी मोहिमांचा क्रम परत परत घोटून घेतला.

परीक्षेच्या दिवशी आमच्या कॉलेजच्या मोठ्या हॉलमध्ये बाकांच्या रांगा लागल्या होत्या आणि त्या सगळ्यांत एकच परीक्षार्थी बसला होता. त्याच्यापुढे एक पर्यवेक्षक. सफाईची बाई खिडक्या पुसत होती, ती विचारून गेली, "सुट्टी शे का आज?" मला आत जायची परवानगी नव्हती. मी व्हरांड्यातल्या बाकावर बसले.

शेठ शेवटची घंटा झाल्यावर बाहेर आले. टोपी हातात, कपाळावर घाम.

"पेपरात सायरस आला होता?" मी विचारलं.

"आला होता."

"काय लिहिलंत?"

"तुम्ही सांगितलं ते. सगळं, क्रमानं." त्यांनी टोपी डोक्यावर घातली. "बपईजींना बाहेर बसवलं."

निकाल लागला. शेठ पास झाले, तेही चांगल्या गुणांनी. त्या दिवशी कारखान्यात गेले तर कामगारांना पेढे वाटून झाले होते, पुण्याहून मुलीचा फोन येऊन गेला होता आणि शेठ अर्देशिरच्या पाटीखाली खुर्ची टाकून बसले होते. मशीन चालू होती. माझ्यासाठी चहा आला.

"प्रोफेसरबाई, आता पुढचा विद्यार्थी शोधून आणू का तुम्हाला? आइस्क्रीमवाल्याचा पोरगा ग्रॅज्युएट झालाय. त्याला बसवू पेपरला."

तेव्हा मला सांगावं लागलं. म्हटलं, नवा विद्यार्थी घेता येत नाही. पेपर तुमच्यापुरता उरला होता. तुम्ही पास झालात, आता विद्यापीठ तो काढून टाकेल.

शेठनी पेढ्याचा बॉक्स खाली ठेवला.

"म्हणजे मी पास झालो म्हणून बंद?"

"हो."

"आणि नापास झालो असतो तर?"

"तर पुढच्या खेपेला परत घ्यावा लागला असता."

"अरे बावा!" ते खुर्चीतून अर्धे उठले. "मग आधी सांगायचं ना, बाई! मला नापास व्हायला काय लागतं? या गावात माझ्यासारखा नापास होणारा दुसरा कुणी आहे का?"

"म्हणूनच सांगितलं नाही, शेठजी."

ते परत खाली बसले. माझ्याकडे पाहिलं, मग हौदाकडे. कामगार एक डबा वर काढून त्याच्यावर पाणी ओतत होते, आतली लादी सुटावी म्हणून. ती सुटून बाहेर घसरेपर्यंत शेठ तिकडे बघत राहिले. मग त्यांनी मशीनच्या आवाजातच विचारलं, "मग आता तुम्ही शिकवणार कुणाला?"

त्यांनी ते ओरडून विचारलं नव्हतं. ऐकू आलं नाही असं दाखवून मी चहा पीत राहिले.